पर्ल स्क्रिप्टमधून काही शेतकऱ्यांच्या पट्टीत वजन शून्य येतंय, त्रुटी मात्र एकही दिसत नाही

कळवा-तुर्भे लोकल

नमस्कार. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका अडत्यांच्या गाळ्यावर मी हिशेब लिहिते. राहायला कळव्याला आहे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून तुर्भ्याला उतरते. शिक्षण बी.कॉम. प्रोग्रामिंग कधी शिकले नाही, गेल्या दोन महिन्यांत जे काही बघून बघून कळलं तेवढंच.

माझ्याआधी इथे जो मुलगा होता त्याने पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत एक स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे. दिवसभराची विक्री एक्सेलमध्ये भरायची, फाइल सीएसव्ही यूटीएफ-८ (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली, मराठी अक्षरं चालणारी साधी फाइल) म्हणून सेव्ह करायची आणि स्क्रिप्ट चालवायची. मग प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी तयार होते: गोणी, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा आणि खाली निव्वळ रक्कम. विंडोज आहे, स्ट्रॉबेरी पर्ल टाकलेली आहे. तो मुलगा नोकरी सोडून गेला, त्याचा नंबरही लागत नाही.

गेल्या मंगळवारी ओतूरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, सात गोणी पाठवल्या, पट्टीत वजन शून्य कसं? वर हमाली-भाडं कापून माझ्याकडूनच येणं दाखवलंय." मी मापाड्याची नोंद काढून पाहिली. ३२० किलो, भाव १८ रुपये, म्हणजे ५,७६० रुपये व्हायला हवेत. आमच्या फाइलमध्येही ३२० लिहिलेलं दिसतं. मग त्या दिवसाच्या सगळ्या ६४ ओळी हाताने तपासल्या तेव्हा आणखी प्रकार सापडले.

पाच जणांचं वजन शून्य धरलं गेलं होतं. एका पट्टीत तर भाव २४० रुपये किलो छापला गेला आणि वजनाच्या जागी एक अवतरणचिन्ह आणि १ एवढंच आलं. त्या शेतकऱ्याचं खरं वजन १,२४० किलो आहे. मोटारभाडं प्रत्येक गावाचं वेगळं असतं, पण सगळ्यांना नारायणगावचंच लागतंय. आणि पट्टीवर तारखेची जागा रिकामी येते, ती मी रोज पेनाने लिहिते.

स्क्रिप्ट चालवताना एकही त्रुटी दिसत नाही. सगळ्यात वर "नो वॉर्निंग्ज;" अशी एक ओळ आहे, तिचा अर्थ मला माहीत नाही. हात लावायची भीती वाटते, कारण उद्या सकाळी पट्ट्या निघाल्याच पाहिजेत. कुठून सुरुवात करू?

घोडबंदर

सीएसव्हीचंच काम असेल तर पायथनमध्ये नव्याने लिहा. पांडाज लायब्ररीत असली फाइल दोन ओळींत वाचून होते आणि पुढे मदत करणारेही जास्त मिळतील. मी स्वतः तेच करतो. हवं असेल तर नमुना देतो.

मासुंदाकाठचा

वरच्या भावाने मनापासून सांगितलंय, पण उद्या सकाळी पट्ट्या निघायच्या आहेत आणि प्रश्न विचारणाऱ्या ताईंना दोन्ही भाषा नवीन आहेत. शिवाय यातला निम्मा दोष फाइलीतल्या मजकुरात आहे. तो मजकूर पायथनलाही तसाच मिळेल. लॅरी वॉलने १९८७ साली पर्ल बाहेर काढली ती मजकुराच्या फायली चाळून त्यातून अहवाल काढण्यासाठीच. पट्टी हा तसाच अहवाल आहे. हत्यार कामाचंच आहे, फक्त त्याचं तोंड कुणीतरी बांधून ठेवलंय.

ताई, तू माझ्या मुलीपेक्षा लहान असशील म्हणून एकेरी लिहितो, राग मानू नकोस. मी ठाण्यात चरईत राहतो. महापेला बावीस वर्षं फोन-कॉलच्या नोंदींच्या फायली पर्लने दळल्या, आता निवृत्त आहे. फोनवर मराठी कळफलकाने लिहितोय, त्यामुळे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. तू फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप कर. चिन्हं मात्र आहेत तशीच घे.

आधी स्क्रिप्टची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेव. मंगळवारची विक्रीची फाइलही तिथेच ने. आजपासून प्रयोग फक्त त्या प्रतीवर. उद्याच्या पट्ट्या जुन्याच स्क्रिप्टने काढ आणि वजन, भाव, भाडं हाताने ताडून मगच दे. त्रास होईल, पण दोन दिवसांचा आहे.

आता ती "नो वॉर्निंग्ज" ओळ. पर्लला एखादी गोष्ट संशयास्पद वाटली की ती काम न थांबवता एक इशारा छापते: अमुक ओळीवर आकडा हवा होता, मला दुसरंच काही मिळालं, मी शून्य धरून पुढे जाते आहे. त्या ओळीने हे बोलणं बंद केलंय. आधीच्या मुलाला इशाऱ्यांचा कंटाळा आला असेल आणि त्याने ते मिटवून टाकले असतील. नवशिक्यांकडून हे फार वेळा होतं आणि प्रत्येक वेळी माझा जीव तुटतो. तुझ्या सगळ्या चुका त्या इशाऱ्यांत महिनोन्‌महिने लिहून आल्या असत्या, फक्त इशारेच बंद होते.

ती ओळ काढ आणि तिच्या जागी या दोन घाल:

यूज स्ट्रिक्ट;
यूज वॉर्निंग्ज;

मग काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) आधी "पर्ल -सी" आणि पुढे स्क्रिप्टचं नाव दे. याने स्क्रिप्ट चालत नाही, फक्त तिचं व्याकरण तपासलं जातं. स्ट्रिक्ट प्रत्येक चल (किंमत साठवायचं नाव) आधी जाहीर करायला लावतं, म्हणून ते घातल्यावर बहुधा एकदम दहा-पंधरा त्रुटी येतील. घाबरू नकोस. फक्त पहिली वाच, ती दुरुस्त कर आणि पुन्हा "पर्ल -सी" चालव. एक अवतरणचिन्ह किंवा अर्धविराम सुटला की पुढच्या दहा ओळी पर्लला चुकीच्या वाटायला लागतात, म्हणून खालच्या त्रुटींच्या मागे लागणं फुकट जातं. आणि जो ओळक्रमांक छापलेला असतो तो पर्लला चूक कळली त्या जागेचा असतो. खरी चूक पुष्कळदा एक-दोन ओळी वर असते. महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल तर ती थेट फाइलच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवते.

जिथे "ग्लोबल सिम्बॉल" आणि "रिक्वायर्स एक्स्प्लिसिट पॅकेज नेम" असं येईल, तिथे ते चल पहिल्यांदा जिथे येतं तिथे त्याच्या आधी "माय" लाव. पण लावण्याआधी एक गोष्ट नीट बघ: हे नाव खरंच नवीन आहे, की आधीच्याच नावाचं स्पेलिंग वेगळं झालंय? मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले की हे हमखास होतं.

दुसरं काम. फाइलीतून जे वाचलं जातंय ते डोळ्यांनी बघायचं, आणि एक्सेलमध्ये दिसतं तसं नाही, तर पर्लच्या हातात पडतं तसं. फाइलीच्या ओळी एकामागून एक वाचणाऱ्या लूपच्या आधी हे घाल:

यूज डेटा::डम्पर;
$डेटा::डम्पर::यूजक्यूक्यू = १;

आणि लूपच्या आत, एक ओळ वाचून तिचा हॅश (रकान्याचं नाव आणि त्यातली किंमत अशा जोड्या) तयार झाला की:

प्रिंट डम्पर(\%रांग);

दुसरी ओळ विसरू नकोस. तिच्यामुळे न दिसणारी अक्षरंही सांकेतिक आकड्यांत छापली जातात. ओतूरवाल्यांची ओळ आणि बरोबर हिशेब आलेली एक ओळ, दोन्ही इथे टाक. पहिला इशारा जसाच्या तसा टाक. गावाच्या भाड्याचं काय झालंय ते मला आत्ताच दिसतंय, पण ते तू इशाऱ्यात स्वतः वाचावंस असं वाटतं. एकदा वाचता आलं की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

कळवा-तुर्भे लोकल

काका, आज दुपारी गाळा बंद झाल्यावर बसले. तुम्ही म्हणालात तसंच झालं. "पर्ल -सी" ने एकदम १९ त्रुटी दाखवल्या. "माय" लावत लावत सात फेऱ्यांत सगळ्या गेल्या. एक सोडून.

ती एक अशी: वजनाचं चल वरती "व्ही" ने लिहिलंय आणि तोलाईच्या हिशेबात "डब्ल्यू" ने. म्हणजे तोलाईच्या ओळीत जे वजन होतं ते कधी भरलंच गेलं नव्हतं. तोलाई पहिल्यापासून शून्यच येत होती. मला वाटायचं तोलाई शेठ स्वतः भरतात म्हणून शून्य असते. हे आता शेठना सांगायचं आहे, पोटात गोळा आलाय.

मग वॉर्निंग्ज चालू करून चालवली तर खिडकी नुसती वाहायला लागली. पहिला इशारा "आर्ग्युमेंट", पुढे अवतरणात एम आणि आडवी रेघ, पुन्हा पुन्हा एम आणि आडवी रेघ, मध्ये काहीतरी चिन्हं, आणि मग "इझन्ट न्यूमेरिक इन न्यूमेरिक ईक्यू (==)". ओळ ५२. ओळ ५२ वर आहे: इफ ($गाव == "नारायणगाव"). हे कळलं! == आकड्यांसाठी असतं, बरोबर ना?

डम्परमध्ये चांगल्या ओळीत वजन 410 असं साधं दिसतं. ओतूरच्या ओळीत त्याच जागी हे आहे:

\३४०\२४५\२५१\३४०\२४५\२५०\३४०\२४५\२४६

आणि सगळ्या ओळींत तारखेच्या रकान्याच्या नावाआधी \३५७\२७३\२७७ असं चिकटलंय. बाकीच्या कुठल्याही रकान्याला ते नाही.

१,२४० किलोच्या ओळीत वजन म्हणून अवतरणचिन्ह आणि 1, आणि भाव म्हणून 240 आणि अवतरणचिन्ह.

मासुंदाकाठचा

शाब्बास. सगळं तुझ्यासमोर उघडं पडलंय. शेठना आजच सांग. चूक तुझ्या हातून झालेली नाही, तू ती शोधून काढलीस, आणि कागद हातात घेऊन सांगशील तर ते ऐकतील.

गावापासून सुरू करू. == दोन्ही बाजूंचे आकडे करून तुलना करतं. "ओतूर" चा आकडा शून्य, "नारायणगाव" चाही शून्य. शून्य बरोबर शून्य, म्हणून पहिलीच अट प्रत्येक गावाला लागू पडते आणि खालच्या अटींपर्यंत कुणी पोहोचतच नाही. मजकुराची तुलना "ईक्यू" ने करायची, वेगळेपण बघायचं तर "एनई" ने. आणि तुलनेआधी गावाच्या नावाच्या पुढची-मागची मोकळी जागा कापून टाक, कारण ईक्यूला "ओतूर" आणि शेवटी स्पेस असलेलं "ओतूर" ही दोन गावं वाटतात.

आता ओतूरचं वजन. ती संख्या नीट बघ: तीन-तीनचे तीन गट आहेत आणि प्रत्येक गट ३४०-२४५ ने सुरू होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ३, २, ०. म्हणजे तिथे "३२०" मराठी आकड्यांत लिहिलंय! चांगल्या ओळीत ते इंग्रजी आकड्यांत आहे. एक्सेलमध्ये दोन्ही बघताना तुला वावगं वाटलं नाही, कारण आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच ओळखीचे. पर्ल मात्र गणितासाठी फक्त इंग्रजी आकडे ओळखते. मराठी आकडा तिला अक्षर वाटतो आणि अक्षराची किंमत ती शून्य धरते. फाइलीत हे मराठी आकडे येतात कुठून ते शोध. तिथे बंद झाले तर उत्तमच, पण स्क्रिप्टनेही ते सांभाळले पाहिजेत.

त्यासाठी आधी पर्लला सांगावं लागेल की ही फाइल यूटीएफ-८ आहे. आत्ता ती नुसते बाइट वाचते आहे, म्हणून इशाऱ्यात ते एम-एम असं गिचमिड दिसतं. दोन गोष्टी एकत्रच करायच्या. वर लिही:

यूज यूटीएफ८;
यूज ओपन क्यूडब्ल्यू(:एसटीडी :एन्कोडिंग(यूटीएफ-८));

पहिली ओळ सांगते की स्क्रिप्टच्या स्वतःच्या मजकुरात मराठी आहे. तिचा तुझ्या विक्रीच्या फाइलीशी काही संबंध नाही, पुष्कळ जण इथेच गोंधळतात. दुसरी ओळ वाचायच्या-लिहायच्या फायलींसाठी आणि खिडकीत छापण्यासाठी आहे. एकच केलीस तर जास्त बिघडेल. खिडकीत मराठी नीट दिसलं नाही तर चालवण्याआधी "सीएचसीपी ६५००१" दे.

फरक बघायचा असेल तर एक छोटा प्रयोग कर. "ठाणे" या शब्दाची लांबी "लेंग्थ" ने छाप. यूज यूटीएफ८ नसताना १२ येईल, असताना ४ येईल: ठ, काना, ण, मात्रा. आपण म्हणतो तशी अक्षरं दोनच आहेत, ठा आणि णे. ती मोजायची तर रेगेक्समध्ये (मजकुरातला नमुना शोधायच्या खुणांत) उलटी रेघ आणि मोठा एक्स असतो. तुला ते लागणार नाही. पण हे तीन वेगळे आकडे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेस की बाइट म्हणजे काय आणि अक्षर म्हणजे काय हे पुन्हा कधी समजावून घ्यावं लागत नाही.

मग वजन, गोणी, भाव या तिन्हींवर:

$वजन =~ टीआर/०-९/0-9/;

डावीकडे मराठी शून्य ते नऊ, उजवीकडे इंग्रजी. आता एक खड्डा आहे तो आधीच दाखवून ठेवतो. तुला वाटेल, आकडा आहे की नाही ते उलटी रेघ-डी ने तपासावं. पण मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचला की उलटी रेघ-डी मराठी आकड्यांनाही आकडा मानते. तपासणीत "३२०" पास होईल आणि गणितात शून्य धरलं जाईल. म्हणून तपासणी चौकटी कंसात [0-9] लिहूनच कर.

तारखेचं कारण सोपं आहे. ३५७-२७३-२७७ हे तीन बाइट एक्सेल "सीएसव्ही यूटीएफ-८" सेव्ह करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला घालतं. त्याला बॉम म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतात, म्हणून "तारीख" नावाने शोधलं की काही सापडत नाही.

आणि १,२४०. एक्सेलमध्ये त्या खान्याला स्वल्पविरामाचं स्वरूप दिलेलं असणार. सेव्ह करताना एक्सेलने ते अवतरणात घातलं, आणि स्क्रिप्ट नुसतं "स्प्लिट" वापरून स्वल्पविरामावर तोडते, म्हणून वजनाचे दोन तुकडे झाले आणि पुढचा प्रत्येक रकाना एक घर सरकला. सीएसव्ही स्प्लिटने तोडू नये. सीपॅनवर, म्हणजे पर्लच्या तयार मोड्यूलच्या भांडारात, "टेक्स्ट::सीएसव्ही" आहे, ते घे. "सीपॅन टेक्स्ट::सीएसव्ही" अशी आज्ञा दिली की बसतं. त्याची "हेडर" ही पद्धत पहिली ओळ वाचतानाच बॉम बाजूला काढते, म्हणजे तारखेचं दुखणंही तिथेच मिटलं. पण त्यानंतरही वजन "1,240" असंच हातात येईल, आणि पर्ल सुरुवातीचे आकडे घेऊन पहिल्या न कळलेल्या चिन्हाशी थांबते. म्हणजे वजन १ किलो! टीआर/,//डी ने स्वल्पविराम काढ आणि मगच गुणाकार कर.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वजन स्वच्छ करूनही ते आकडा नसेल तर स्क्रिप्टने थांबलं पाहिजे. "डाय" वापर आणि संदेशात शेतकऱ्याचं नाव आणि जो मजकूर मिळाला तो छाप. शून्य धरून पट्टी छापण्यापेक्षा पट्टी न निघणं बरं. माणूस तिकडे ओतूरला बसलेला असतो, त्याच्या हातात तो कागदच असतो. त्याने फोन केला म्हणून तुला कळलं. ज्याने केला नाही त्याचं काय?

फाइल उघडायच्या ओळीलाही हेच लागू आहे. ती ओळ मला दाखव. तिथे "ऑर डाय" आहे की दोन उभ्या रेघा आणि डाय? माझ्या हातून हे झालंय म्हणून विचारतो. महापेला कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मी कंस न घालता ओपन लिहिलं आणि शेवटी दोन उभ्या रेघा देऊन डाय. उभ्या रेघा चिकटतात त्या फाइलच्या नावाला, ओपनला नाही. नाव रिकामं नसल्यामुळे डायपर्यंत पाळी येतच नाही. एका रात्री फाइल आलीच नव्हती आणि माझी स्क्रिप्ट शांतपणे रिकामा अहवाल तयार करून मोकळी झाली. सकाळी आमच्या साहेबांनी तो पुढे पाठवला. तेव्हापासून "ऑर डाय" आणि संदेशात $! लिहिल्याशिवाय मी एकही फाइल उघडलेली नाही. $! मध्ये न उघडण्याचं कारण असतं.

ऐरोली सेक्टर आठ

काकांनी बहुतेक सगळं सांगितलंय. मराठी डेटातली एक गोष्ट जोडतो, मी तिच्यात दोन दिवस घालवले होते.

माझ्याकडे पत्त्यांची यादी होती, त्यात कऱ्हाड हे एकच गाव दोन वेगळी गावं म्हणून मोजलं जात होतं. डोळ्यांना दोन्ही एकसारखीच दिसत होती. डम्परने कळलं की एका ठिकाणी अर्धा ऱ स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप केलाय, आणि दुसरीकडे साधा र, हलन्त आणि त्याला न दिसणारं जोडचिन्ह. ईक्यूला ती वेगळीच वाटणार. "युनिकोड::नॉर्मलाइझ" पर्लसोबतच येतं, त्याचं एनएफसी लावलं की र आणि नुक्ता एकत्र होऊन ऱ होतो, पण हे जोडचिन्हाचं प्रकरण त्याने सुटत नाही. ते हाताने बदलावं लागतं. तुमच्याकडे गावांत किंवा शेतकऱ्यांच्या आडनावांत ऱ्ह, ऱ्य असेल तर लक्ष ठेवा.

आणि कधी ही फाइल लिनक्सवर नेलीत तर नुसत्या चॉम्पने ओळीचा शेवट साफ होणार नाही. विंडोजच्या ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह असतं, ते शेवटच्या रकान्याला चिकटून राहतं. टेक्स्ट::सीएसव्ही वापरलंत तर तो प्रश्न येत नाही.

कळवा-तुर्भे लोकल

काका, काम झालं. क्रमाने सांगते.

तुम्ही सांगूनही मी आधी फक्त यूज ओपनची ओळ घातली. यूज यूटीएफ८ राहिली. सगळेच रकाने रिकामे आले, तारीख, गाव, वजन, काहीच नाही. पाच मिनिटं हातपाय गार पडले. मग डम्पर पाहिला तर रकान्यांची नावं आता वेगळ्याच रूपात होती, आणि स्क्रिप्टमधली "वजन", "गाव" ही नावं अजून जुन्या बाइटांत. तेव्हा तुमचं "दोन्ही एकत्रच" म्हणणं कळलं. "ठाणे" चा प्रयोगही केला. १२ आणि ४ आलं.

टेक्स्ट::सीएसव्ही बसवलं. तारीख छापली जाते आहे. १,२४० चं वजन बरोबर येतंय.

मराठी आकडे कुठून येतात तेही सापडलं. आमचा एक मापाडी वजनं व्हॉट्सअॅपवर मराठी कळफलकाने पाठवतो आणि मी तिथून कॉपी करून एक्सेलमध्ये पेस्ट करते. म्हणजे ते माझ्याच हातून फाइलीत जात होते. त्याला काही सांगितलं नाही. पन्नाशीचा माणूस आहे, वर्षानुवर्षं तसंच लिहितो आणि त्याचं वजन कधी चुकत नाही. टीआरची ओळ आहे आता.

डाय घातलं आणि दुसऱ्याच दिवशी स्क्रिप्ट थांबली. एका ओळीत वजनाच्या जागी "410 कि." असं लिहिलेलं होतं, संदेशात शेतकऱ्याच्या नावासकट आलं. आधी इथे इशारा न देता ४१० धरलं गेलं असतं आणि योगायोगाने बरोबरही आलं असतं, पण "कि. 410" असतं तर शून्य.

ओपनच्या ओळीत दोन उभ्या रेघाच होत्या. बदलल्या. मुद्दाम चुकीचं नाव देऊन पाहिलं, आता "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" म्हणून थांबते.

एकच अडलंय. पट्टीच्या फाइलीत सगळं मराठी नीट येतं, पण जुन्या एका भागात पट्टीची बेरीज वेगळ्या नोंदवहीच्या फाइलीत जाते, तिथे "वाइड कॅरॅक्टर इन प्रिंट" असा इशारा येतो. बाकी कुठे नाही.

मासुंदाकाठचा

त्या नोंदवहीच्या फाइलीचं हॅंडल (उघडलेल्या फाइलीचं स्क्रिप्टमधलं नाव) दुसरीकडे उघडलं जात असणार, एखाद्या वेगळ्या मोड्यूलच्या फाइलीत. यूज ओपनचा परिणाम ज्या फाइलीत ती ओळ आहे तिथपुरताच असतो. तिकडच्या ओपनमध्ये '>>' च्या जागी '>>:एन्कोडिंग(यूटीएफ-८)' असं थेट लिही. तो इशारा हा की तू अक्षरं पाठवते आहेस आणि त्या हॅंडलला ती कशी लिहायची ते कुणी सांगितलेलं नाही. इशारा दाबू नकोस, हॅंडलला सांग. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नको.

आणखी एक मागणी आहे. स्क्रिप्टच्या शेवटी सगळ्या पट्ट्यांच्या वजनाची बेरीज छाप आणि रोज ती मापाड्याच्या वहीतल्या दिवसाच्या एकूण वजनाशी ताडून बघ. एक ओळ आहे, एक मिनिट लागतं. कोड कितीही नीट झाला तरी ही ताडणी सोडू नकोस. मी फोनच्या नोंदींतही रोज हेच करायचो, आलेल्या ओळी किती आणि हिशेबात धरलेल्या किती.

मागच्या पट्ट्यांचं काय केलंस?

कळवा-तुर्भे लोकल

मोड्यूलच होतं. तुम्ही लिहिलंत तसं केलं, इशारा गेला.

बेरीज छापली. आज स्क्रिप्टची आणि वहीची दोन्ही जुळली, १८,९३५ किलो.

शेठना तुम्ही म्हणालात तसं लगेचच सांगितलं होतं, डम्परचा कागद छापून नेला. तोलाईचं ऐकून ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, तोलाई कुणाकडून मागे घ्यायची नाही, ती आपली चूक. पण ज्यांना कमी गेले त्यांचे काढ. जुन्या सगळ्या सीएसव्ही फोल्डरमध्ये होत्या, त्या नव्या स्क्रिप्टमधून तोलाई शून्यच ठेवून पुन्हा चालवल्या आणि जुन्या पट्ट्यांशी ताडल्या. ओतूर धरून अकरा जण निघाले. नऊ जणांनी कधी फोनच केला नव्हता. भाडं जास्त कापलेले वेगळे, त्यांची यादी अजून चालू आहे.

ओतूरच्या काकांना पहिला फोन केला. सुधारित पट्टी आणि बाकीची रक्कम आज संध्याकाळी त्यांच्या खात्यावर गेली.